आयपीसची फुगीर बाजू

त्या वेळी मला ज्यांनी सांभाळून घेतलं ते दारव्ह्याच्या आठवडी बाजारात चष्मे विकायला बसणारे चाचा. आधी त्यांचं सांगतो, मग काय झालं ते. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण त्यांना विचारलेलं नाही, आणि न विचारता काही उघडायचं नाही एवढं तर मी त्या प्रकरणात शिकलो.

चाचा दिग्रसकडून येत. कापडाच्या ओळीच्या टोकाला लिंबाखाली त्यांची सतरंजी. वर चार काठ्यांना बांधलेली चादर, समोर पत्र्याची पेटी, पेटीत नंबरांप्रमाणे लावलेले चष्मे. वाचता येणाऱ्याला ते अक्षरांचं कार्ड दाखवत. वाचता न येणाऱ्याच्या हातात सुई आणि दोरा देत आणि एकेक चष्मा नाकावर चढवत जात. ज्या चष्म्यानं दोरा सुईत गेला तो त्याचा नंबर. बायाबापड्या हसत हसत दोरा ओवायच्या आणि चष्मा घेऊन जायच्या. माझा आणि त्यांचा संबंध एवढाच की आमच्या सरांच्या दुर्बिणीची पुढची काच त्यांच्याकडून आणली होती. एवढ्याशा ओळखीवर त्यांनी माझ्यासाठी जे केलं ते सख्खा काका करतो की नाही, मला शंका आहे.

मी झरीकडचा. तिथून दारव्ह्याला यायचं म्हणजे बंडीनं मारेगावच्या रस्त्याला लागायचं, मग मोटारीनं यवतमाळ, मग छोटी आगगाडी. बाप अंथरुणाला खिळला तेव्हा माझी चौथी झाली होती. तिथंच शाळा सुटली. वणीला एका घड्याळजीच्या हाताखाली दहा-अकरा वर्षं काढली आणि बावीस-तेविसाव्या वर्षी दारव्ह्यात एका कटलरीच्या दुकानाच्या ओट्यावर काचेची पेटी मांडून बसलो. आमच्या घरानं छप्पन सालीच दीक्षा घेतलेली. ओट्यावर बसू देताना दुकानाच्या मालकाला ते माहीत होतं. कोणी आडून विचारलं तर मालक म्हणायचे, "घड्याळ बंद पडते तवा ते जात पाहून पडते काय, बाप्पा?" माणूस हसून जायचा, पण जाताना एकदा माझ्याकडे बघून जायचा.

निघताना आईनं सांगितलं होतं, "नीट राहाय. तुहं चुकलं तं तुलेच नाई बोलत लोक, साऱ्याइले बोलतात." हे वाक्य माझ्याबरोबरच दारव्ह्याला आलं आणि माझ्याच खोलीत राहिलं. एखादं घड्याळ दुरुस्त करून दिलं आणि माणूस दुसऱ्या दिवशी रस्त्यानं येताना दिसला की माझ्या हातातलं काम थांबायचं. तो नुसता भाजी घ्यायला चाललेला असायचा.

सर म्हणजे हायस्कूलचे सायन्सचे सर. यवतमाळच्या वकिलाच्या घरातले, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे. मागं पडणारं घड्याळ घेऊन ते आले तेव्हा मी डोळ्याला भिंग लावून काम करत होतो. घड्याळाचं त्यांनी विचारलंच नाही.

"हे भिंग किती इंचावर धरतोस?"

"दोन बोटं-तीन बोटं, सर. अंदाजानंच."

"आज संध्याकाळी शाळेत येशील? भिंग घेऊन ये."

शाळेच्या मागच्या पटांगणात एक लांब नळी ठेवलेली होती. पन्हाळीच्या पत्र्याची, टिनवाल्याकडून वळवून घेतलेली. पुढच्या तोंडाला चाचांकडची एक नंबरची चष्म्याची काच, मागचं तोंड मोकळं. त्या मोकळ्या तोंडाशी सरांनी माझं भिंग धरलं, पुढंमागं केलं आणि मला म्हणाले, बघ. चंद्र अर्धा होता. अर्धा असतो तेव्हा उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर जे खड्डे दिसतात ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. रोज ज्या भिंगातून मी केसाएवढी स्प्रिंग बघत होतो त्यातूनच. सर म्हणाले, "मधलं ठीक दिसतं, कडेला सगळं वाहून जातं. खरा आयपीस पाहिजे."

दुर्बिणीला डोळ्याकडून जी काच लावतात तिला ते आयपीस म्हणत. मग मीही म्हणायला लागलो.

तो खरा आयपीस काही महिन्यांनी आला. यवतमाळला एक निवृत्त ओव्हरसियर होते, सरांच्या वडिलांच्या ओळखीचे. त्यांच्याकडे जुनी दुर्बीण होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यावर त्यांनी तिचे भाग एकेक करून कमी किमतीत देऊन टाकायला काढले. आयपीस शाळेकडे जावा अशी त्यांची इच्छा होती. आठ दिवस वापरून पाहा, पटला तर ठेवा, नाही तर पार्सलनं परत करा, असा त्यांचा निरोप होता. आणि एक खात्रीही दिली होती, की ही वस्तू निर्दोष आहे.

सरांनी आयपीसची लाकडी डबी माझ्या पेटीवर ठेवली.

"याची पारख तू करायची."

"मी, सर?"

"मला तो चांगला निघावा असं वाटतंय. म्हणून माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही. तुला तसं काही वाटायचं कारण नाही. तुझा डोळा दिवसभर भिंगातच असतो. आत चिठ्ठी आहे म्हणतात, ती वाचून घे. परवा शाळेत लावून पाहू."

शिकलेल्या माणसानं माझं मत विचारण्याची ती पहिलीच वेळ. ते गेल्यावर मी डबी उघडली. पितळेची जाड नळकांडी, अंगठ्याएवढी. सोबत चार बोटांची चिठ्ठी. तिच्यावरची अक्षरं मराठीसारखी होती आणि मराठी नव्हती. एकाला एक जोडलेली, वरच्या रेघेला लोंबणारी. मी ती उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली. चौथी शिकलेल्याला न येणारं हे काहीतरी असेल, सातवीत, आठवीत येत असेल, असं मला वाटलं. शाळेत जाऊन "मला ही वाचता येत नाही" म्हणण्याची हिंमत झाली नाही. चिठ्ठी घडी करून खिशात टाकली.

आणि मग मी तेच केलं जे कुठलाही घड्याळजी करतो. आमच्या धंद्यात वस्तू हातात आली की आधी झाकण उघडायचं. घड्याळ कसं चालतं हे बाहेरून कान लावून सांगणाऱ्याला वणीचे माझे उस्ताद हसायचे. उघड, पाहा, मग बोल. आयपीसच्या तोंडाशी आटे असलेली बारीक पितळी कडी होती, तिला दोन खाचा. मी चिमट्याची दोन टोकं खाचांत घालून ती फिरवली. एकदा चिमटा सटकला. मग कडी सुटली आणि मी नळकांडी तिरपी केली मात्र, आतलं सगळं एकदम फडक्यावर आलं. दोन काचा, मध्ये एक पितळी नळी. प्रत्येक काच एका बाजूनं सपाट, दुसऱ्या बाजूनं फुगीर. कोणती बाजू कुठं होती ते मी पाहिलंच नव्हतं.

घड्याळाचा भाग काढताना आम्ही क्रमानं कागदावर मांडतो. इथं मांडायला वेळच मिळाला नाही. मी काचा फुंकून, पुसून परत बसवल्या. फुगीर बाजू बाहेर, दोन्हीकडून. आटे फिरवताना हात थांबला नाही, पण मन थांबलं होतं. असंच होतं का? हाताला वाटलं, असंच असणार. रोज मी घड्याळांच्या काचा बसवतो, त्यांचा फुगा बाहेरच असतो.

परवा शाळेत लावून पाहिला. कापसाच्या जिनिंगच्या फाटकावरची पाटी पटांगणातून दिसायची, पाच-सहा फर्लांग दूर. दुर्बिणीत ती उलटी दिसायची, पण ते आम्हाला सवयीचं झालं होतं. सरांची पद्धत अशी की पाटीचं एक अक्षर आधी मधोमध आणायचं, मग हळूहळू कडेकडे सरकवायचं आणि ते कुठं बिघडायला लागतं ते वहीत लिहायचं. माझं भिंग लावलं तेव्हा अक्षर निम्म्यापर्यंत बरं राहिलं. आयपीस लावला तेव्हा निम्म्याच्याही आधी ते वाकलं, पसरलं, कडेला नुसता डाग झाला. डोळाही काचेला अगदी टेकवावा लागत होता, पापण्या घासत होत्या. संध्याकाळी चंद्रावर तेच.

"बोल," सर म्हणाले.

मला तिथंच सांगता आलं असतं. मी म्हणालो, "माह्या भिंगापेक्षा कमी हाये, सर."

"कमी? फालतू आहे. निर्दोष म्हणे!" त्यांनी वही मिटली. चांगल्या वस्तूची इतके दिवस वाट पाहिलेला माणूस चिडतो तेव्हा फार चिडतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी डबी बांधून माझ्याकडे दिली आणि वर एक बंद पाकीट.

"पोस्ट तुझ्या ओट्यासमोरच आहे. पार्सल रजिस्टर कर आणि हे पत्रही टाक. चांगलं खरमरीत लिहिलंय. म्हातारपणी लोकांना फसवायला निघालेत."

शनिवारची दुपार होती, पार्सलची खिडकी बंद झालेली. रविवार मध्ये. सोमवारी बाजार. दोन दिवस ते पार्सल माझ्या पेटीच्या खालच्या कप्प्यात होतं आणि मला जेवण जात नव्हतं. खानावळीत बाईंनी विचारलं, "काहून रे, ताटावरून उठून राह्यला? पोट बिघडलं काय?" मी हो म्हटलं. डोक्यात एकच चालू होतं. यवतमाळात एक म्हातारा बसला आहे, त्याला दिसत नाही. कोणीतरी त्याला ते पत्र वाचून दाखवणार. तो म्हणणार, माझी वस्तू चांगली होती. त्याच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. आणि खरं काय ते फक्त मला माहीत आहे, मलाही पुरतं माहीत नाही. कदाचित आयपीस मुळातच वाईट असेल. या कदाचितला धरून मी दोन दिवस काढले. मग वाटायचं, सांगितलं तर? सर मालकांना सांगणार. मालक काही बोलणार नाहीत, पण ओटा जाईल. लोक म्हणतील, पाहा, विश्वास टाकला तर काय केलं. आणि लोक ते माझ्या एकट्याबद्दल म्हणणार नाहीत.

सोमवारी पोस्टाकडे निघालो तो पाय बाजाराकडे वळले.

चाचांपुढं एक बुढा बसला होता, नाकावर चष्मा, हातात सुई. चाचा म्हणाले, "आओ घड्याळजी. सरची काच फुटली काय?"

"नाई चाचा. हे जरा पाहून देता?"

त्यांनी मला पार्सलची दोरी सोडू दिली, डबीतून आयपीस काढला, पण डोळ्याला लावला नाही. काचेला बोट न लावता तो चादरीच्या कडेखाली धरला आणि तिरपा करत काचेवर पडलेलं प्रतिबिंब बघत राहिले. मग दुसरं तोंड तसंच पाहिलं.

"चादरीची कड यात केवढीशी दिसून राह्यली, पाहाय. म्हणजे फुगा बाहेर. इकडूनही बाहेर." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ऐसा कोई नहीं बिठाता, बेटा. दोन काचांचे फुगे एकमेकांकडे तोंड करून असतात. सपाट बाजू बाहेर. कोणं उघडलं होतं हे?"

"मले नाई माहीत," मी म्हणालो.

चाचांनी कडीजवळची जागा अंगठ्यानं दाखवली. सगळं पितळ जुनं, काळपट. खाचेपासून निघालेला एक ओरखडा तेवढा पिवळा चकचकीत.

"हा आठ दिवसांचाही नाही."

माझे डोळे भरून आले. भर बाजारात, लोक वांगी-मिरच्या घेत असताना. मी म्हणालो, "मी उघडलं. काच घड्याळासारखी बसवली."

"हां. आता बोलला." ते खाली वाकून पेटीतून मऊ फडकं काढायला लागले. "घड्याळाची काच मार खायला असते, म्हणून फुगा बाहेर. ही काच पाह्यला असते. बस इथं."

"तुम्ही बसवून द्या ना, चाचा."

"तू उघडलं, तू बसव. मी सांगतो."

बुढा चष्म्यातून आमच्याकडे बघत होता. "चाचा, माहं काय? दोरा तं गेला सुईत."

"गेला ना? मग दुसऱ्यांदा ओवून दाखव. एकदा तं आंधळ्याचाही जाते."

बुढ्यानं चाचांना एक शिवी दिली, हसला आणि खरंच पुन्हा ओवायला बसला.

मी सतरंजीवर मांडी घालून आयपीस उघडला. या वेळी भाग क्रमानं मांडले. पहिली काच, सपाट बाजू बाहेर. पितळी नळी. दुसरी काच, फुगा आत. कडी हलक्या हातानं. चाचा एवढंच म्हणत होते, "जलदी नहीं. जलदी नहीं." मग त्यांनी पेटीतून एक नंबरची मोठी काच काढली, उभे राहिले आणि ती माझ्यापुढं दोन हात अंतराहून जरा लांब धरली. मी मागं उभा राहून आयपीस डोळ्याला लावला. एवढी झाली आमची दुर्बीण. रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानाची पाटी शोधायला वेळ लागला, कारण दोघांचेही हात हलत होते. भोवती चार-सहा जण जमले.

"काय पाहून राह्यले बे? सिनेमा हाये काय?"

"चाचा घड्याळजीचं लगन जमवून राह्यले. पोरगी दाखवून राह्यले दुरून."

"उलटी दिसते म्हणा तिले," चाचा म्हणाले आणि सगळे हसले. मी हसलो नाही, कारण तेवढ्यात पाटी सापडली होती. अक्षरं थरथरत होती, पण कडेचं अक्षर मधल्या अक्षरासारखंच सरळ होतं. डोळा काचेपासून जरा दूर ठेवला तरी दिसत होतं. आयपीस चांगला होता. वाईट मी होतो.

खरं सांगायचं तर पुढच्याच क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. मी म्हणालो, "चाचा, हे सरले नेऊन देतो. म्हणतो, पुन्हा एक डाव लावून पाहा. पत्र फाडून टाकतो."

"कोणतं पत्र?"

मी पाकीट दाखवलं आणि ओव्हरसियर साहेबांचं सांगितलं. चाचा खाली बसले.

"म्हणजे हा कागद तू फाडशील. सरच्या डोक्यात त्या बुढ्ढ्याबद्दल जे लिहिलं ते कसं फाडतो?"

"ते विसरतील."

"मी नसतो विसरलो."

"चाचा, मी सांगितलं तं मले इथून जावं लागल. घरी काय तोंड दाखवू? तुमाले नाई माहीत."

"माहीत हाये," ते म्हणाले. दुपार कलायला लागली होती, कापसाचे पैसे हातात आलेले लोक हीच वेळ साधून चष्मे घेतात हे मलाही कळत होतं. त्यांनी चष्मे एकेक करून पेटीत ठेवले, झाकण लावलं, चादरीच्या गाठी सोडल्या.

बुढा म्हणाला, "अन् माह्या नाकावरचा?"

"राहू दे नाकावर. मी येतो. नाकासकट पळून नको जाऊ."

"कुठी चालले भर बाजारात?"

"शाळेत," चाचा म्हणाले. "माहं नाव घालाचं राह्यलं होतं."

शाळा सुटली होती. सर प्रयोगशाळेच्या खोलीत काचेच्या नळ्या धुवून ठेवत होते. चाचांनी जोडे दाराबाहेर काढले, पेटी भिंतीशी ठेवली आणि ते दाराजवळच उभे राहिले. मला वाटलं होतं तेच बोलतील. ते एक शब्द बोलले नाहीत. फक्त उभे राहिले. मागं वळायला जागा नव्हती, म्हणून मी बोललो. उघडलं ते, चिमटा सटकला ते, फुगा बाहेर ठेवला ते, पटांगणात सांगितलं नाही ते. मी काय बोललो ते मलाच सलग आठवत नाही.

सरांनी विचारलं, "चिठ्ठी वाचली होतीस ना?"

मी खिशातून ती काढून दिली. "वाचता नाई आली, सर."

त्यांनी ती उलटी केली, सुलटी केली. अगदी माझ्यासारखीच. मग शेजारच्या खोलीत गेले, म्हाताऱ्या हेडक्लार्कना घेऊन आले. हेडक्लार्कनी चष्मा वर सरकवून वाचलं, "भिंग पक्के बसविलेले आहे. उघडण्याचे कारण नाही. पाहताना डोळा टेकवू नये." आणि म्हणाले, "मोडी आहे. हल्ली कोणाला येते?"

"मलाही येत नाही," सर म्हणाले.

"मले वाटलं, शिकलेल्याइले येते."

सरांनी माझ्या हातातलं पाकीट घेतलं, फोडलं, आणि स्वतःचंच पत्र वाचलं. एक ओळ मोठ्यानं वाचली: "दृष्टीबरोबर माणसाची चाडही जाते असे दिसते." वाचून ते खुर्चीवर बसले. दाराशी उभे असलेले चाचा खाली बघत होते. मला तेव्हा वाटलं, सर माझ्यावर ओरडतील तर बरं. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "आज सकाळीच पोस्ट करायचं होतं तू. केलं असतंस तर?"

मी आयपीसची डबी त्यांच्यापुढं ठेवली.

"नळी बाहेर काढ," ते म्हणाले.

उजेड असेपर्यंत आम्ही पाटी पाहिली, मग चंद्र. वहीचं जुनं पान त्यांनी खोडलं नाही, समोरच्या पानावर नवं लिहिलं. अक्षर कडेपर्यंत नीट. चंद्राचे खड्डे कडेला आणले तरी गोल. चंद्राच्या काठाला निळसर रेघ दिसत होती, ती पुढच्या काचेची, असं सर म्हणाले. मग मला म्हणाले, "दोष सांग." मी घाबरत घाबरत सांगितलं की आतल्या काचेवरचे धुळीचे कण डोळ्यासमोर तरंगल्यासारखे दिसतात, उजळ चंद्रावर जास्त. "ते माझ्या फुंकरीनं गेलेले असतील," मी म्हणालो. सरांनी तेही लिहिलं. खाली लिहिलं, "ठेवावा."

पत्र त्यांनी नवं लिहिलं आणि शेवटी दोन ओळींची जागा सोडली. "इथं तू लिही. तुझ्या हातानं." त्या दोन ओळींना मला पाऊण तास लागला. काय चुकलं ते लिहिलं, क्षमा मागितली. ओव्हरसियर साहेबांचं उत्तर दुसऱ्या कोणाकडून लिहवून आलं. त्यात माझ्या चुकीबद्दल अक्षर नव्हतं. एवढंच विचारलं होतं की गुरूचे चार चंद्र त्यातून दिसतात का आणि कडेला नेल्यावर ठिपके ठिपकेच राहतात का, ते सवडीनं कळवावं. ते पाहून कळवायचं काम सरांनी मला दिलं. मी तीन रात्री पाहून मग कळवलं. घाई केली नाही.

माझा ओटा गेला नाही. सर मात्र दोन-तीन महिने पूर्वीसारखे बोलत नव्हते. घड्याळ शिपायाबरोबर पाठवायचे. आता बोलतात. तरी ते रस्त्यानं येताना दिसले की अजून माझ्या हातातलं काम थांबतं, आणि ते नुसते भाजी घ्यायला चाललेले असतात.

त्या सोमवारी आम्ही शाळेतून बाजारात परतलो तेव्हा बाजार उठत होता. बैल जुंपले जात होते, पोरं सांडलेल्या मिरच्या वेचत होती. बुढा मात्र चष्मा लावून तिथंच बसलेला. चाचांनी त्याच्या चष्म्याचं तेवढं पाहिलं, मग पेटी उघडलीच नाही. मी काही बोलायला लागलो तर म्हणाले, "जा, पेटी बंद कर तुही. लोकांची घड्याळं उघडी टाकून आला असशील." तशीच टाकून आलो होतो. त्यांचा तो अख्खा बाजार बुडाला, आणि त्यांच्याकडे आठवड्यात कमाईचे असे दोनच बाजार असत, हे मला फार नंतर कळलं. मी चहा घ्या म्हटलं तरी त्यांनी कधी घेतला नाही.

या गोष्टीला सात-आठ वर्षं झाली. चाचा अजून येतात, पण एक बाजार सोडून एक. मागल्या वेळी मी त्यांच्याजवळ बसलो होतो तेव्हा ते पेटीतले चष्मे हातानं चाचपून नंबर लावत होते. तीनचा चष्मा दोनच्या रांगेत गेला, तो मी हळूच उचलून जागेवर ठेवला. त्यांना कळलं असावं.

चाचा, हे कोणी तुम्हाला वाचून दाखवलं तर ऐका. ज्या दिवशी तुम्हाला दिग्रसहून यायचं होणार नाही, किंवा लेकीच्या घरी राहावंसं वाटेल, त्या बाजाराला मी माझी पेटी बंद ठेवीन आणि लिंबाखाली तुमची सतरंजी अंथरून बसेन. सुई-दोरा देईन, घाई करणार नाही, आणि संध्याकाळी जे होईल ते तुमच्या घरी पोचवीन. एक बाजार तर मी तुम्हाला देणारच आहे. त्यानंतरचे तुम्ही म्हणाल तितके.